शासनाचा शब्द आणि खानदेशचा माणूस : प्रस्तावना

सन 1852 मध्ये इंग्रजी अंमलाने खानदेशात जमिनीची पैमाश हाती घेतली, तेव्हा सावदा, यावल, एरंडोल या बाजूच्या शेतकऱ्यांनी असा धसका घेतला की, मोजणीची साखळी एकदा का आपल्या शेतावरून फिरली की धारा वाढल्यावाचून राहणार नाही. ठिकठिकाणी जमाव जमले, मोजणीचे काम अडले, आणि ते पुन्हा मार्गी लावण्यासाठी सरकारला शिपायांचा आधार घ्यावा लागला. सरकारी दप्तरात या प्रकरणाची नोंद दंगा अशी झाली आहे व त्याची चर्चाही बहुधा महसुलाच्या अंगानेच होते. परंतु ज्याला राज्यकारभारातील संवादाचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने या घटनेकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावे अशी माझी विनंती आहे. मोजणी कशासाठी, तिच्यामुळे कोणाचा धारा वाढेल आणि कोणाचा घटेल, तक्रार असल्यास ती कोणापाशी न्यावयाची, या साध्या प्रश्नांची उत्तरे रयतेला तिच्या विश्वासातल्या माणसाच्या तोंडून वेळेवर मिळाली असती तर शिपायांचे काम पडले असते की नाही, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही; ती उत्तरे पटण्याजोग्या रीतीने मिळाली नव्हती, एवढे मात्र त्या धसक्यावरूनच उघड होते.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय हे उत्तर देण्याचे काम करणारी माणसे, त्यांची विद्या आणि त्या विद्येत पडावयाची नवी भर हा आहे. अशी माणसे म्हटली की जिल्हा माहिती कार्यालय तेवढे डोळ्यांपुढे येते, आणि 'जळगाव, दि. अमुक (जिमाका)' अशा स्थलनिर्देशाने सुरू होणारे ते वृत्त आपण सारेच वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. वस्तुतः हे क्षेत्र त्याहून पुष्कळ विस्तीर्ण आहे. जिल्हा परिषदेचा, महापालिकेचा, पोलीस खात्याचा, वीज कंपनीचा, विद्यापीठाचा जनसंपर्क सांभाळणारे अधिकारी त्यात येतात. आकाशवाणीच्या जळगाव आणि धुळे केंद्रांवरील शेतीच्या कार्यक्रमांचे लेखक येतात. आणि ज्यांच्या नेमणुकीच्या हुकमात संवाद हा शब्दही नसतो असे तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, आशा, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील व कोतवाल हेही येतात. माझ्या मते तर या दुसऱ्या वर्गाचा विचार आधी व्हावयास हवा, कारण शासनाचा शब्द शेवटी ज्या तोंडून ऐकू येतो ते तोंड बहुधा यांचेच असते, आणि त्या शब्दाबद्दल लोकांच्या मनात जो विश्वास किंवा अविश्वास उत्पन्न होतो त्याचा पहिला वाटेकरीही हाच वर्ग असतो.

खानदेशपुरते पाहिले तरी या विद्येचा इतिहास लहान नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यास निवर्तले आणि पुढील वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा संस्थांनी जपलेल्या जुन्या मोडी कागदांत कौलनामा हा जो प्रकार आढळतो त्याचे वाचन प्रत्येक माहिती अधिकाऱ्याने एकदा तरी करावे असे मला फार वाटते. इस्ताव्याचा कौल घ्या. पडीक जमीन वहितीस आणणाऱ्या कुळाने पहिल्या वर्षी किती द्यावयाचे, दुसऱ्या वर्षी किती, चढत चढत कोणत्या वर्षी पूर्ण सारा लागू होईल आणि तोवर त्याला कोणाचा उपद्रव लागणार नाही, हे सारे त्या एका कागदात येत असे. त्यात राज्याचा गौरव असेल तर तो एका ओळीचा. उरलेला मजकूर कुळाच्या कामाचा. लढाया, पेंढारी आणि 1803 सालचा दुष्काळ यांनी उजाड झालेला हा मुलूख 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती आला, तेव्हा गावे पुन्हा वसविण्याचा प्रश्न त्याच्याहीपुढे उभा राहिला. आणि 1825 मध्ये धरणगावास भिल्ल पलटण उभी करताना औट्रम या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला जे साधले ते जाहीरनाम्याने साधले नव्हते, तर भिल्लांच्या वस्त्यांत व शिकारीत त्यांच्याबरोबर वावरून साधले होते. त्या धोरणाचा हेतू साम्राज्याचा होता हे विसरण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्या अंगणापर्यंत जावे लागते, हा धडा हेतू कोणताही असला तरी खराच राहतो.

दवंडीविषयी अलीकडे एक प्रकारच्या हळवेपणाने लिहिले जाते. तिचा एक गुण निर्विवाद मोठा होता. दवंडी देणारा चावडीपुढे, पारापाशी, पाणवठ्यावर थांबे, आणि हलगीचा आवाज थांबताच कोणी तरी ओट्यावरून हटकून विचारी, 'पण हे आम्हांला लागू आहे का?', त्याला तेथल्या तेथे काही उत्तर द्यावे लागे, आणि देता आले नाही तर तो प्रश्न पाटलाकडे परत न्यावा लागे. छापील पत्रकाला हा ताप कधीच होत नाही. परंतु गावठाणाबाहेरच्या भिल्लाटीत किंवा सातपुड्याच्या पाड्यावर दवंडी पोचेलच अशी खात्री नसे, स्त्रियांना ती भिंतीआडून ऐकावी लागे, आणि गावच्या वतनदारांच्या सोयीचे तेवढेच मोठ्याने बोलले जाण्याचा संभव नेहमीच असे. म्हणून जुन्या साधनाकडे परत चला, असे हा ग्रंथ म्हणत नाही. ओट्यावरून आलेल्या त्या प्रश्नाला आजच्या साधनांत जागा कोठे आहे, एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारतो.

लोकांशी बोलण्याची दुसरी एक मोठी परंपरा या मुलखात सरकारच्या बाहेर, किंबहुना सरकारच्या विरोधात घडली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील वसतिगृहात हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढणारे साने गुरुजी पुढे 1936 च्या फैजपूर काँग्रेससाठी खेडोपाडी हिंडले आणि 1938 मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. शेतकऱ्याचा सारा, गिरणी कामगाराची मजुरी असे विषय त्यांच्या लेखणीत व वाणीत येत, आणि ते अशा भाषेत येत की ऐकणाऱ्याला आपल्याच घरातले कोणी बोलत आहे असे वाटे. राष्ट्रीय काँग्रेसचे ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन म्हणून फैजपूरचा उल्लेख होतो; राजकारणाला खेड्यात जाऊन बोलावयास शिकविणारा तो प्रसंग याच मुलखात घडला, ही गोष्ट येथील शासकीय संवादकाने अभिमानापेक्षा जबाबदारीच्या भावनेने लक्षात ठेवावी.

स्वातंत्र्यानंतर आणि विशेषतः 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, 1964 मध्ये राजभाषा अधिनियम आला, 1962 मध्ये पंचायत राज्य सुरू होऊन जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या, आणि शासनाने जनतेशी जनतेच्या भाषेत बोलावे ही गोष्ट निदान तत्त्वतः सर्वमान्य झाली. माहिती खाते विस्तारले, 'लोकराज्य' घरोघर जाऊ लागले, कलापथके आणि शाहीर योजनांचे पोवाडे घेऊन जत्रांतून फिरू लागले. या साऱ्या उद्योगामागे जगभर ज्या निरनिराळ्या विचारसरणी होत्या त्यांचा परिचय नवागतास असणे अवश्य आहे, म्हणून त्यांकडे वळतो.

पहिली विचारसरणी प्रसिद्धीची. राज्याने काय केले हे लोकांना सांगावे, वारंवार सांगावे, आकर्षक रीतीने सांगावे, असे ती मानते. इंग्लंडात स्टीफन टॅलंट्स यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान तिला शास्त्राचे रूप दिले, आपल्याकडे 1919 मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय वृत्तविभागापासून तिचा प्रवाह अखंड चालत आला आहे, आणि युद्धकाळात तिला जे बळ मिळाले ते शांततेतही ओसरले नाही. तिचा उपयोग आहे. परंतु यशाची मोजणी ती कात्रणांच्या संख्येवर करते, आणि कात्रणांच्या वहीत वाचणाऱ्याची शंका कधीच चिकटविलेली नसते.

दुसरी विचारसरणी विकासाची. एव्हरेट रॉजर्स यांचा नवकल्पनांच्या प्रसारावरील ग्रंथ 1962 चा, विल्बर श्रॅम यांचा लोकमाध्यमे व राष्ट्रविकास यांवरील ग्रंथ 1964 चा. नवे बियाणे, नवे औषध, नवी सवय समाजात कशी पसरते, प्रथम कोण स्वीकारतो आणि कोण कोणाकडे पाहून स्वीकारतो, याचा अभ्यास या मंडळींनी केला. मात्र त्यांच्याही आधी, 1956 मध्ये, या विषयातला एक अत्यंत मोलाचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला, आणि त्याची आठवण येथे सविस्तर करून देणे मला कर्तव्य वाटते. कॅनडातील शेतकरी श्रोतृमंडळांचा आदर्श पुढे ठेवून आणि युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस कार्यक्रम झाले. गावातील पंधरा-वीस माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि चर्चेतून निघालेले प्रश्न पुण्यास पाठवीत; पुढल्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे येत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली, तीत जेथे मंडळे होती त्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली, आणि मंडळांच्या गावांतील लोकांचे ज्ञान लक्षणीय रीतीने वाढल्याचे आढळले. नुसता रेडिओ पुरेसा नव्हता. एकत्र बसणे आणि उलट प्रश्न धाडणे यांनी फरक पडला. पुढे ही कल्पना देशभर नेण्यात आली आणि जसजसा विस्तार झाला तसतशी ती पातळ होत गेली, कारण रेडिओ संच वाटता आले तरी प्रश्नांना उत्तरे देण्याची चिकाटी त्याबरोबर वाटता आली नाही. सत्तर वर्षांपूर्वीचा हा अनुभव आजही प्रत्येक नव्या उपक्रमाच्या टिपणीत पहिल्या परिच्छेदात लिहून ठेवावा, इतका तो ताजा आहे.

याच विकासवादी दृष्टीवर पुढे टीका झाली. ब्राझीलच्या पावलो फ्रेरे यांनी शिकणाऱ्याला रिते भांडे समजण्याच्या वृत्तीवर प्रहार केला, आणि त्यातून लोकसहभागाची तिसरी विचारसरणी निघाली. सातपुड्यातील वनहक्काच्या दाव्यांचे काम ज्यांनी केले आहे त्यांना तिची सत्यता वेगळी पटवून द्यावी लागत नाही, कारण 2006 च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून होते. चौथी विचारसरणी जनसंपर्काला स्वतंत्र व्यवसाय मानणारी. आपल्या देशात त्या व्यवसायाची संस्था 1958 मध्ये स्थापन झाली, आणि 1984 मध्ये ग्रुनिग व हंट या अमेरिकी अभ्यासकांनी एकतर्फी प्रसिद्धीपासून परस्परसंवादापर्यंतचे चार नमुने मांडून त्या व्यवसायाला स्वतःचे परीक्षण करण्याचे एक साधन दिले.

या सर्वांहून शासकीय संवादकाला जवळची अशी एक परंपरा मात्र पाठ्यपुस्तकांत दुर्लक्षित राहते. ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी 1948 मध्ये सरकारी नोकरांसाठी साध्या लेखनावर एक छोटे पुस्तक लिहिले. पत्र कोणाला जाणार आहे, त्याला नेमके काय हवे आहे, हे आधी ठरवा, असे ते पुस्तक सांगते. ऐकावयास हे सोपे आहे, पण ते किती कठीण आहे हे दाखविण्यासाठी मी आपल्याच तापी नदीचे उदाहरण घेतो.

पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की जे निवेदन निघते ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. 41 पैकी इतके दरवाजे पूर्ण उघडले आहेत, विसर्ग इतके हजार क्युसेक आहे, पाणलोट क्षेत्रात पाऊस चालू आहे, तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असा त्याचा ठरलेला साचा. त्यातला शब्द न् शब्द खरा असतो, आणि अभियंत्याला तो पुरेसाही असतो. परंतु क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28 लिटर, हे ज्याला पाठ आहे त्यालाही त्यावरून आपल्या गावच्या फरशीवर, म्हणजे नदीवरील ठेंगण्या पुलावर, पाणी येईल की नाही हे कळत नाही. पुष्कळदा पाऊस पडलेला असतो तो बऱ्हाणपुराकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात. यावल-चोपड्याच्या काठावर लख्ख ऊन असते, आणि उन्हात उभ्या असलेल्या माणसाला पुराची सूचना पटवावयाची असते. त्याचे प्रश्न ठरलेले आहेत. पाणी किती वाजता येईल? घाटाच्या कोणत्या पायरीपर्यंत चढेल? नदीतली मोटार आज काढावी की उद्या सकाळी काढली तरी चालेल? गुरे कोठे बांधावी? फरशीपलीकडे शाळेत जाणाऱ्या मुलांना उद्या पाठवावे का? 'आज रात्री दहाच्या पुढे फरशीवरून पाणी वाहू लागेल; नदीतील मोटारी दिवस मावळण्यापूर्वी काढून घ्या; गुरे काठावर बांधू नका; उद्या फरशी ओलांडू नका; शंका असल्यास तलाठ्यांना विचारा' असे पाच वाक्यांचे निवेदन लिहिणे हे शब्दकौशल्याचे काम नाही. ते लिहिण्यासाठी संवादकाला पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यापाशी बसून पाणी कोणत्या गावाला किती वेळात पोचते हे विचारावे लागते, प्रत्येक फरशीची उंची ठाऊक असणाऱ्या माणसाला शोधावे लागते, आणि अंदाज चुकण्याचा धोका पत्करून स्पष्ट बोलण्याची परवानगी वरिष्ठांकडून मिळवावी लागते. सतर्क राहण्याचे आवाहन करणाऱ्यावर चुकीचा ठपका कधी येत नाही. म्हणूनच ते इतके लोकप्रिय आहे. या ग्रंथाचा माझ्या लेखी जो गाभा आहे तो येथे आहे: ज्याला माहिती लागू आहे त्याला तिच्या आधारे उद्या सकाळी काय करावयाचे ते ठरविता आले आणि त्याची शंका कचेरीपर्यंत परत आली, तरच ती माहिती पोचली असे मानावे, आणि संवादकाचे शिक्षण, बढती व मूल्यमापन या कसोटीवर व्हावे.

ही कसोटी केवळ सदिच्छेची नाही. तिला कायद्याचे अधिष्ठान आहे. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 म्हटला की अर्ज, अपील आणि तीस दिवसांची मुदत एवढेच आठवते. परंतु त्याचे चौथे कलम मुळात असे सांगते की, सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती आपण होऊन एवढी प्रसिद्ध करावी की लोकांवर अर्ज करण्याची पाळीच कमीत कमी यावी. त्याच कलमात, माहिती प्रसृत करताना खर्चाबरोबरच स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक संवादपद्धती यांचा विचार करण्याचे बंधन घातले आहे, आणि प्रसाराच्या साधनांत सूचनाफलक, वर्तमानपत्र, नभोवाणी, इंटरनेट यांच्याबरोबर जाहीर उद्घोषणाही मोडते. अमळनेर-धुळ्याच्या पट्ट्यात अहिराणीतून, जामनेरकडे तावडीतून, रावेर-यावलला लेवा बोलीतून, आणि शिरपूर-चोपड्याच्या डोंगरात पावरी-भिलीतून बोलणे हा संवादकाचा हौशी उपक्रम ठरत नाही. कायद्याने त्याच्यावर टाकलेल्या कामाचाच तो भाग आहे. पुढे 2015 मध्ये राज्यात लोकसेवा हक्क अधिनियम आला, आणि त्याच वर्षी सरकारी जाहिरातींत व्यक्तिगौरव व पक्षप्रचार नसावा यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शासनाचा संवादक हा शासनाचा नोकर असला तरी त्याचा धनी नागरिक आहे, ही भूमिका अशा रीतीने गेल्या वीस वर्षांत कायद्याच्या पुस्तकात येऊन बसली आहे. कचेऱ्यांच्या रोजच्या वहिवाटीत ती अजून पुरती उतरलेली नाही, आणि ती उतरविणे हे पुढच्या पिढीचे काम आहे.

हे काम आजच निकडीचे का झाले आहे? एक कारण असे की, शासन आणि कुटुंब यांच्यातील देवघेव पूर्वी कधी नव्हती इतकी वाढली असून तिच्या अटी सूक्ष्म झाल्या आहेत. पीकविम्यात नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागते. वादळी वाऱ्याने केळीची बाग आडवी झालेल्या रावेरच्या शेतकऱ्याला ही अट चौथ्या दिवशी कळली तर ती न कळल्यासारखीच. 2024 मध्ये 'लाडकी बहीण' योजना जाहीर झाली तेव्हा दाखल्यांसाठी सेतू केंद्रांपुढे ज्या रांगा लागल्या, त्यांतल्या कित्येक बायाबापड्यांना कोणता कागद खरोखर लागतो आणि कोणता लागत नाही हे आधी समजले असते तर त्यांची एक दिवसाची मजुरी वाचली असती. दुसरे कारण अफवेचा वेग. 2022 च्या ऑगस्टमध्ये राज्यात लम्पी रोगाचा त्या वर्षीचा प्रादुर्भाव प्रथम रावेर तालुक्यात दिसू लागला. पाठोपाठ गुरांचे बाजार बंद झाले, आणि दूध प्यावे की न प्यावे याविषयीच्या शंका पशुवैद्य गावात पोचण्याआधीच मोबाइलवरून पोचल्या. हा रोग जनावरांपासून माणसाला होत नाही, एवढे एक वाक्य योग्य माणसाने योग्य दिवशी बोलणे याची किंमत अशा वेळी दूध उत्पादकाच्या घरखर्चात मोजावी लागते. करोनाच्या लशीच्या वेळी पाड्यांवर जे अनुभव आले तेही याच जातीचे होते.

आता शिक्षणाविषयी. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था 1965 पासून आहे, पुण्यास 'यशदा' ही प्रशिक्षण संस्था आहे, जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात वृत्तविद्येचे शिक्षण मिळते. म्हणजे दारे मुळीच नाहीत असे नाही. तथापि नोकरीच्या आरंभी मिळालेले प्रशिक्षण हेच बहुतेकांच्या बाबतीत शेवटचेही ठरते, आणि तलाठी, आशा, कोतवाल यांच्या वाट्याला संवादाचे म्हणून जे शिक्षण येते ते नव्या अर्जाचा नमुना भरावयास शिकण्यापलीकडे क्वचितच जाते. त्यातच राज्यात बदल्यांच्या कायद्याने सामान्यतः तीन वर्षांचा कार्यकाल ठरलेला. कोकणातून आलेला अधिकारी अहिराणी समजू लागतो, कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो, कोणत्या पाड्यावर कोणाचा शब्द मानला जातो, कोणती फरशी प्रथम बुडते हे त्याला उमगू लागते, तोच त्याची बदली होते, आणि हे सारे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. मागे उरतात त्या फाइली आणि कात्रणे. 1880 मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरात गावे, रस्ते, बाजार, जातीजमाती यांची जी बारकाईने नोंद आहे, तशी संवादाच्या दृष्टीने केलेली नोंद प्रत्येक जिल्ह्यात ठेवावी, ती दर बदलीच्या वेळी नव्या माणसाच्या स्वाधीन करावी आणि त्याने तीत भर घालावी, अशी एक सूचना या ग्रंथात आहे. मला ती संपूर्ण ग्रंथातील सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत फलदायी सूचना वाटते.

नवोपक्रम या शब्दाचा मोह मोठा आहे. नवे संकेतस्थळ, नवे ॲप, नवा चॅटबॉट यांची उद्घाटने होतात, त्यांच्याही बातम्या होतात. यंत्राने भाषांतर करण्याची साधने आली आहेत; केंद्र सरकारने 2022 पासून 'भाषिणी' हा उपक्रम चालविला आहे; कृत्रिम बुद्धिमत्ता पत्रकाचा मसुदा काही क्षणांत लिहून देते. मी या साधनांचे स्वागत करतो, कारण त्यांनी मसुद्यात जाणारा वेळ वाचला तर तो वेळ गावात घालविता येईल. पण ज्या बोलीत लिहिलेला मजकूरच फार थोडा आहे त्या बोलीत यंत्र चुका करणार, आणि पावरी बोलणाऱ्या बाईला औषधाची मात्रा चुकीची सांगितली गेली तर दोष यंत्राला देऊन भागणार नाही. तेव्हा त्या बोलीचा जाणता माणूस ऐकून मान्य करीपर्यंत असा एकही संदेश बाहेर जाऊ नये, हा नियम आजच घालून घेतला पाहिजे. उलटपक्षी काही नवोपक्रमांना यंत्र लागतच नाही. देवळाच्या पायरीवर पुराच्या खुणा रंगवून 'पाणी या रेघेला येईल' असे सांगणे, आठवड्याच्या बाजारात एक टेबल टाकून दुपारभर लोकांचे प्रश्न लिहून घेणे, आशाताईच्या आवाजातला दोन मिनिटांचा निरोप पाड्यावरच्या फोनांवर धाडणे, आणि आलेल्या प्रश्नांची यादी दर सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत पहिल्या क्रमांकाला ठेवणे: यांपैकी शेवटची गोष्ट अमलात आणणे सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यामुळे कचेरीच्या कामाचा क्रम बदलतो.

ग्रंथाच्या रचनेविषयी थोडे सांगून ही प्रस्तावना पुरी करतो. वर्तमानपत्र, रेडिओ, मोबाइल अशी साधनांनुसार विभागणी संपादकांनी बुद्ध्याच टाळली आहे. पूर, रोगराई, पीकविमा, जमिनीची मोजणी, शाळाप्रवेश, वनहक्क अशा प्रसंगांभोवती लेख गुंफले असल्यामुळे वाचकाला प्रथम माणूस दिसतो आणि मग साधन. लेखक निरनिराळ्या खात्यांतील आहेत व त्यांची मते सर्वत्र जुळत नाहीत. विशेषतः चुकीची माहिती गेल्यावर शासनाने ती कितपत उघडपणे दुरुस्त करावी यावर त्यांच्यात जो तीव्र मतभेद आहे तो संपादकांनी मिटविण्याचा प्रयत्न केलेला नाही, हे योग्यच झाले. माझे मत उघड दुरुस्तीच्या बाजूचे आहे, कारण एकदा चुकलेली तारीख गुपचूप बदलणारी कचेरी पुढल्या वेळी खरे सांगते तेव्हाही तिचे कोणी ऐकत नाही. निवडणुकीच्या काळातील संवाद आणि 1998 मध्ये स्वतंत्र झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचे विशेष प्रश्न यांना येथे जागा मिळालेली नाही. ते विषय स्वतंत्र ग्रंथाचे आहेत. शेवटी जी निवेदने दिली आहेत ती डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर पुन्हा लिहिलेली, अशी छापली आहेत. शिकविणाऱ्यांना माझी सूचना एवढीच की, विद्यार्थ्यांना उजवे पान आधी दाखवू नये. डाव्या पानावरील निवेदन त्यांना द्यावे, ज्या गावासाठी ते निघाले होते त्या गावी त्यांना एक दिवस पाठवावे, आणि परत आल्यावर त्यांनी आपापले निवेदन लिहून काढले म्हणजे मग पान उलटावे.